काका, ती हाताची गोळी द्या ना

दुखण्याच्या गोळीची सवय कशी लागते ह्यावर लिहू का नको करत चार महिने काढले. पण परवा परत एक पोरगा काउंटरला आला, मोबाईल पुढे केला, त्यात प्रिस्क्रिप्शनचा फोटो, म्हणाला काका ह्यातली दोन नंबरची गोळी द्या, एकच स्ट्रिप. फोटो मोठा करून बघितला तर वरचा तारखेचा भाग बरोबर क्रॉप केलेला. मी म्हटलं कागद घेऊन ये बाळा, फोटोवर नाही देता येत. तो म्हणाला "बाकीचे देतात की" आणि निघाला. भांडला नाही, चिडला नाही, सवयीनं सरळ पुढच्या दुकानाकडे वळला. तेच मला लागलं.

मी लातूरला मेडिकल चालवतो, ट्युशन एरियापासून जवळ. डी. फार्म करून गल्ल्यावर बसलो त्याला १९ वर्षं झाली. निम्मं गिऱ्हाईक म्हणजे नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची पोरं, उदगीर, अहमदपूर, नांदेड, बीड, परभणी, कुठनं कुठनं येतात. त्यांचं वेळापत्रक मला माझ्या पोरीच्या वेळापत्रकापेक्षा जास्त पाठ आहे. जूनमध्ये मेसच्या जेवणानं बिघडलेली पोटं आणि ओआरएस, पावसाळ्यात ताप, दिवाळीनंतर ॲसिडिटी, आणि फेब्रुवारी लागला की डोकेदुखी, झोप येत नाही, झोप जात नाही. रविवारी टेस्ट झाली की सोमवारी नुसते चेहरे बघून मी मार्क सांगू शकतो.

तर त्यातलाच एक. नाव लिहिणार नाही, घरी त्याला भैय्या म्हणतात तेच लिहितो, आमच्याकडे दर दुसऱ्या घरात एक भैय्या असतो त्यामुळे ओळख पटायची काळजी नाही. रिपीटर होता, म्हणजे दुसऱ्यांदा नीट देणारा. गावाकडून येताना गाडी घसरली आणि हासळीचं हाड मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, त्यात एक ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉलची मिक्स. ह्यात डॉक्टरांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. हाड मोडल्यावर दुखतं, आणि दुखलं तर गोळी द्यावी लागते.

सातव्या दिवशी भैय्या आला. काका, ती हाताची गोळी द्या ना. अजून दुखतंय का रे? हो ना काका, रात्री जास्त. मी दिली.

हे मला लिहायचंच होतं. मी दिली. एकदा नाही, चार वेळा. रजिस्टरला डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, पत्ता, नग, सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं आहे, फक्त चिठ्ठी तीच, जुनी. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, २०१४ पासून काही औषधांना शेड्यूल एच वन लागू आहे, त्यांची विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायची आणि ते तीन वर्षं जपून ठेवायचं. आणि एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल थेट एनडीपीएस कायद्याखाली आलं, म्हणजे ज्या कायद्यात गांजा, अफू, ब्राऊन शुगर येतात त्याच कायद्यात. तरी आमच्या डोक्यात ती पॅरासिटामॉलची जरा मोठी बहीणच राहिली. त्याला कारण आहे. १९७७ मध्ये जर्मनीत ट्रामाडॉल बाजारात आलं तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं ह्याची सवय लागत नाही असंच सांगितलं जायचं, आम्हाला एमआर लोकांनीही, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींनीही, तेच सांगितलं. मी १९ वर्षं धंद्यात असून विश्वास ठेवला तर पोरांना काय बोलणार.

पाचव्या वेळी मी म्हटलं आता डॉक्टरला दाखव. तो हो म्हणाला आणि परत आलाच नाही. मला वाटलं बरा झाला.

जरा बाजूला जाऊन बोलतो. अफूपासून मॉर्फिन, कोडीन. मॉर्फिनपासून हेरॉईन, आणि त्याचंच कच्चं भावंड म्हणजे ब्राऊन शुगर, जिला आपल्याकडे गर्द म्हणायचे. आणि त्याच पद्धतीनं काम करणारी कारखान्यात बनवलेली ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल. ही सगळी एका घराण्यातली, ह्या सगळ्यांना मिळून ओपिऑइड म्हणतात. कोडीनचं तर गंमत म्हणजे, ते पोटात गेल्यावर लिव्हर त्यातल्या काही भागाचं मॉर्फिनच बनवतं, म्हणजे खोकल्याचं औषध वाटतं ते आत जाऊन वेगळंच होतं. झोपेची, टेन्शनची गोळी म्हणजे अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम (मालेगावला "कुत्ता गोळी", संभाजीनगरला "बटन" म्हणून जी बातम्यांत येते ती), ते वेगळं घराणं. पण दोन्ही घराण्यांची सोयरीक झाली, वर दारू पडली, की माणसाचा श्वास झोपेतच मंद मंद होत थांबतो. नशा जास्त झाली म्हणून आरडाओरडा करून कुणी जात नाही ह्यात, घोरत घोरत जातो आणि बाकीचे म्हणतात झोपू द्या त्याला, थकलाय.

८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दची लाट आली तेव्हा मी पाळण्यात होतो, पण पुढे घरात त्याबद्दल बोललेलं आठवतं. १९८६ ला पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं ते त्याच काळात. तेव्हा ती पुडीत यायची, चोरून, कुठल्यातरी गल्लीच्या कोपऱ्यावर. आता छापील एमआरपी आणि एक्सपायरी डेट असलेल्या स्ट्रिपमध्ये येते, आणि घरच्या कपाटात, आजीच्या गुडघ्याच्या औषधांच्या डब्यात पण असते. २०१९ ला केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या पाहणीचा अहवाल आला होता, त्यात देशातले साधारण २.१ टक्के लोक, म्हणजे सव्वादोन कोटींच्या वर, ओपिऑइड घेतात असं निघालं. हेरॉईन १.१४ टक्के, आणि मेडिकलमध्ये मिळणारी औषधं ०.९६ टक्के. जवळजवळ बरोबरीला आलेत म्हणजे. ड्रग्ज म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एमडीचा (मेफेड्रोनचा) कारखाना आणि पोलिसांची पत्रकार परिषद येते, आणि इकडे आमचं शटर रोज सकाळी नऊला उघडतं.

भैय्याचं पुढे काय झालं ते मला त्याच्या रूममेटकडून कळलं.

रात्री दोनच्या सुमाराला होस्टेलवर त्याला फिट आली. दात आवळले, हातपाय ताठ, तोंडाला फेस. पोरांनी काय केलं तर कुणी चप्पल हुंगवली, कुणी खालच्या मेसमधून कांदा फोडून आणला, एकानं दातात चमचा घालायचा प्रयत्न केला. (कृपा करून हे करू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.) हॉस्पिटलला नेलं, एमआरआय झाला, मेंदूची पट्टी (ईईजी) निघाली, सगळं नॉर्मल, तरी फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन दिवस झाले आणि एवढ्या सगळ्यात एक प्रश्न कुणी विचारला नाही, की बाबा तू गोळ्या कुठल्या घेतोस. विचारला असेल तरी आईबापासमोर विचारला असणार, आणि आईबापासमोर कोण सांगतंय.

रूममेट संध्याकाळी दुकानात आला. गर्दी कमी व्हायची वाट बघत बाहेर बराच वेळ उभा होता, मी बघत होतो. मग आत येऊन एकदम हळू आवाजात, "काका, ट्रामाडॉलनं फिट येती का?"

येते. डोस वाढत गेला की येऊ शकते, इतर काही औषधांबरोबर घेतली तर लवकर येऊ शकते. हे मला माहिती होतं, पुस्तकात वाचलेलं होतं. मी काउंटरच्या मागच्या स्टुलावर बसलो. म्हटलं कोण घेतंय? तो काही बोलेना. मग म्हणाला काका पोलीस केस होईल का.

ह्या भीतीबद्दल नीट सांगतो कारण हिच्यामुळेच पोरं गप्प बसतात. एनडीपीएस कायद्यातच ६४ए नावाचं कलम आहे, जो माणूस स्वतः व्यसनी आहे आणि स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार होतो त्याला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातून संरक्षण मिळू शकतं. आणि डॉक्टरला खरं सांगितलं म्हणून डॉक्टर सहसा पोलिसांना फोन करत नाही. मी त्या पोराला घेऊन हॉस्पिटलला गेलो, डॉक्टरांना बाहेर बोलावून दोघांनी मिळून सांगितलं. जाताना रस्त्यात चार वेळा वाटलं की परत फिरावं, कारण पहिल्या चार स्ट्रिपा माझ्या होत्या.

तोपर्यंत भैय्याच्या आईनं त्याची दृष्ट काढून झाली होती. मीठ-मिरच्या ओवाळल्या, कारण पोराचं नाक गळत होतं, सारख्या जांभया, अंगावर काटा, पाय आखडायचे, जुलाब, आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही. त्यांना वाटलं सर्दी-ताप आणि नजर. ओपिऑइड अचानक बंद झालं की हेच होतं, जुने लोक ह्याला टर्की म्हणायचे, आणि ती कुठल्याही पालकाला फ्लूसारखीच दिसते. फरक एवढाच की हा फ्लू गोळी मिळाली की थोड्याच वेळात बरा होतो. तुमचा मुलगा सुट्टीला घरी आला की पहिले तीन-चार दिवस आजारी पडतो, एकदा मित्राला भेटून आला की ठणठणीत होतो, असं दोनतीनदा झालं तर जरा विचारा. ओरडू नका, विचारा. बद्धकोष्ठता, दिवसा पेंग, आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक, ही घेत असतानाची लक्षणं.

नंतर कधीतरी, बराच नंतर, मी भैय्याला विचारलं की तुला नशा कशी वाटायची. तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी काहीतरी वेगळंच विचारलं. म्हणाला, "काका दुखणं तर आठ दिवसातच गेलं होतं. पण ती घेतली ना की भीतीच वाटायची नाही. टेस्टचे मार्क लागले तरी पोटात गोळा यायचा नाही. बापाचा फोन आला तरी उचलायचो."

बापाचा फोन आला तरी उचलायचो. मी हे वाक्य घेऊन कितीतरी रात्री जागलोय.

म्हणून मला त्या २६ जूनच्या, अमली पदार्थविरोधी दिनाच्या रॅल्यांचा मनापासून कंटाळा येतो. दरवर्षी शाळा-कॉलेजची पोरं उन्हात नाहीतर चिखलात फिरवतात, हातात कवटीचं चित्र, सिरिंजचं चित्र, नशा करू नका. भैय्यानं पण अकरावीत असा फलक धरला होता. त्यानं कधी सिरिंज बघितली नाही, कधी कुठल्या टपरीवर गेला नाही, त्याच्या दृष्टीनं तो नशा करतच नव्हता, तो अभ्यास करत होता. कवटीचं चित्र बघून ज्यानं थांबायचं तो पोरगा आपल्याला वाटतो तसा नसतोच. बाप मला म्हणाला होता, "शेट, पोरगं तर रात्रंदिवस अभ्यास करायलंय, ह्ये कवा केलं त्यानं?" अभ्यास करता करताच केलं भाऊ.

चार माझ्याकडून, मग दुसऱ्या मेडिकलमधून, मग आजीच्या डब्यातली, मग क्लासमधल्या एकाकडून, आणि शेवटी मोबाईलवर मागवलेली. प्रत्येक वेळी देणारा ओळखीचा. शेवटचा सोडला तर कुणाला वाटलंच नाही आपण ड्रग्ज देतोय.

आता मी काय करतो ते सांगतो, ह्यात शहाणपण कमी आणि उशिरा आलेली अक्कल जास्त आहे. जुन्या चिठ्ठीवर देत नाही, ओळखीचा असला तरी, ओळखीचा असला तर जास्तच. गिऱ्हाईक तुटतं, तुटू दे. स्ट्रिप देताना उलटी करून दाखवतो. हे तुम्ही पण घरी बघा, साध्या प्रिस्क्रिप्शनच्या औषधावर आरएक्स छापलेलं असतं, पण एनडीपीएसमधलं औषध असेल तर लाल अक्षरात एनआरएक्स असतं, सुरुवातीला एन. तो एन दिसला की ती स्ट्रिप फ्रिजवरच्या डब्यात ठेवायची नाही, कुलपात ठेवायची आणि मोजून ठेवायची. डॉक्टरला विचारायचं किती दिवस घ्यायची आणि साध्या गोळीवर कधी यायचं, विचारल्यानं डॉक्टर चिडत नाहीत, चिडले तर चिडू द्या. उरली तर "परत कधी लागेल" म्हणून ठेवायची नाही, आपल्या लोकांना टाकवत नाही मला माहितीये, पैसे घातलेले असतात. पण २०२५ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी १७ औषधांची यादी काढली, त्यात ट्रामाडॉल, फेंटानिल आहेत, ती उरली तर कचऱ्यात न टाकता टॉयलेटमध्ये फ्लश करा असं सांगितलंय. बाकी कुठलंही औषध फ्लश करू नये, ही करावीत, एवढी ती वेगळी.

एक गोष्ट मात्र उलट बाजूची. हे वाचून उद्या कुणी कॅन्सरच्या पेशंटचं मॉर्फिन बंद करू नका. १९८५ च्या कायद्यानंतर रुग्णांना मॉर्फिन मिळणं इतकं अवघड झालं होतं की २०१४ मध्ये कायदाच बदलावा लागला. माझ्या काउंटरवर रडणारी म्हातारी माणसं मी बघितलीत, त्यांना ती गोळी लागते आणि ती मिळालीच पाहिजे. मला राग गोळीचा नाही. न बघता पुढे सरकवणाऱ्या हाताचा आहे, आणि त्यात एक हात माझा.

भैय्याला आधी वडिलांनी एका खासगी केंद्रात टाकलं, शटरला बाहेरून कुलूप असलेलं, तीन महिने, महिन्याचे पैसे ॲडव्हान्स. सोयाबीन विकून भरले. तिथे काय झालं ते तो सांगत नाही. बाहेर आला, आठव्या दिवशी परत घेतली. आणि ही वेळ सगळ्यात धोक्याची, हे एक वाक्य प्रत्येक पालकानं लक्षात ठेवा, तीन महिन्यात शरीराची सवय गेलेली असते आणि डोक्यात मात्र जुनाच आकडा असतो. जुन्या आकड्यानं घेतलं की श्वास थांबू शकतो. नालोक्झोन नावाचं इंजेक्शन आहे, ओपिऑइडमुळे थांबत आलेला श्वास मिनिटांत परत आणतं, पण ते हॉस्पिटलला, म्हणून ओठ निळे पडलेत, घशात घरघर आहे, हलवलं तरी उठत नाही, तर झोपू द्या म्हणायचं नाही, सरळ १०८. नशिबानं भैय्याच्या बाबतीत तिथपर्यंत गेलं नाही.

मग मी मागे लागून त्यांना १४४४६ ला फोन करायला लावला, ती व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट आहे. (नुसतं टेन्शन, परीक्षेची भीती असेल तर टेली-मानस, १४४१६.) तिथून सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात. तिथल्या मॅडमनी ब्युप्रेनॉर्फिन सुरू केलं, जिभेखाली ठेवायची गोळी. ती पण ओपिऑइडच आहे पण हळू चालणारी, टर्की येऊ देत नाही, डोकं जागेवर ठेवते, आणि ती आमच्यासारख्या साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही, केंद्रावरच देतात. आणि दर आठवड्याला त्याच्याशी बोलायचं, भीतीबद्दल. ह्या सगळ्याला वर्ष होऊन गेलं. नीटची परीक्षा सोडली त्यानं, उदगीरला बीएस्सीला आहे.

बापाला ते पटत नव्हतं. माझ्याकडे शुगरच्या गोळ्या घ्यायला येतात ते, दर महिन्याला. मागच्या वेळी म्हणाले, "शेट, एक गोळी सोडवायला दुसरी गोळी, ह्ये कसलं औषध? अजून किती दिवस घ्यायची त्यानं?" मी त्यांच्या शुगरच्या गोळ्या पिशवीत भरत होतो. म्हटलं भाऊ, तुम्ही किती वर्षं घेताय? दहा, म्हणाले. मग गप्प बसले, सुट्टे मोजले, पिशवी घेतली.

पहिले काही महिने ते पोराला गाडीवर घेऊन जायचे आणि स्वतः बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसायचे, कुणी ओळखीचं बघेल म्हणून तोंडाला रुमाल. गेल्या मंगळवारी भैय्याचा फोन आला होता, दुसऱ्याच कामाचा, बोलता बोलता म्हणाला काका आज पप्पा आत आले होते, मॅडमनी त्यांना पण खुर्ची दिली.